न वाजलेली कंबर

"वाजलं का न्हाई, तेवढंच सांग. बाकीचं पुराण नको."

आबांनी माझं बखोट धरलं होतं. तालमीतनं तसेच उठून आले होते. अंगाला माती, खांद्यावर टावेल, आणि डोळे असे की समोर बैल असता तरी मागं सरकला असता.

"काय वाजलं?" मी म्हटलं.

"आक्काची कंबर. त्या गडहिंग्लजच्या बाईनं कडाक्कन वाजवली म्हणं. सगळी तालीम मला विचारालीया, वस्ताद, पोरीची कंबर वाजवून आणली म्हणं. पोटुशी बाईची कंबर वाजवत्यात व्हय? हातच काढून ठेवतो तिचा."

"आधी बखोट सोडा."

"तू हुतास न्हवं खोलीत?"

"हुतो."

"मग वाजलं का न्हाई?"

आबांच्या मागं, माजघराच्या दारात आक्का उभी होती. सातवा महिना. एक हात चौकटीवर, एक हात कमरेवर, आणि माझ्याकडं बघून नको नको म्हणून डोळ्यानं खुणावत होती. आता वाजलं म्हणावं तर आबा निघाले बाईचा हात काढायला. न्हाई म्हणावं तर आक्का खोटारडी. मधल्यामधी माझं बखोट.

हे वाजण्याचं काय प्रकरण हाय ते सांगतो, न्हाईतर तुम्हाला वाटंल ही माणसं येडी हायत.

आमचे आबा म्हणजे हुंबरवाडीच्या तालमीचे भैरू वस्ताद. कुणाचा खांदा निखळला, मान धरली, पाठ धरली, की माणूस डॉक्टरच्या आधी आमच्या अंगणात. आबा त्याला पालथा घालणार, गुडघा टेकवणार, आणि कडाक्. आवाज आला की बघणारे सगळे "हां" म्हणणार. आवाज न्हाई आला तर दुखणारा उठतच न्हाई. "वस्ताद, अजून वाजलं न्हाई" म्हणून तसाच पडून राहतो. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याचं काही केल्या वाजंना, तेव्हा मी मागं उभारून माझी बोटं मोडली. गडी टुणकन उठला, लई बरं वाटलं म्हणाला आणि चालायला लागला. आबांनी मला नंतर हाणलं ती गोष्ट वेगळी.

तर आमच्यात असं हाय. आवाज झाला म्हणजे उपचार झाला. म्हणून आक्का पहिल्यांदा त्या बाईकडनं आली तेव्हा आईनं उंबऱ्यातच विचारलं, "वाजलं का?" आणि आक्का बोलून गेली, "वाजलं की." आईनं ते नळावर सांगितलं. नळावरनं ते तालमीत गेलं. तालमीत जाईपर्यंत दोनदा वाजलेलं झालं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, हर्षदा. सासर गावातच, खालच्या गल्लीला. दाजी मिलिटरीत. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. पण तुम्ही समजताय तसली पाट-पाणी करून बसणारी न्हाई ती. लग्नाआधी स्वतः कुस्ती खेळलेली. लग्नानंतर आमच्या मागच्या गोठ्यात तांबडी माती टाकून गावातल्या पोरींना शिकवायला लागली. आबांनी तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, पोरींना पाय ठेवू दिला न्हाई, म्हणून गोठा. आधी लोक हसायला यायचे, पण पोरी हरंनात तसे हसायचे बंद झाले.

त्यातली अत्तारांची नुरी म्हणजे सापाचं पिल्लू. हातात सापडायची न्हाई. म्हसोबाच्या जत्रेच्या मैदानात तिची कुस्ती लावायची असं आक्कानं ठरवलेलं. आमच्या गावात पोरींची पहिली कुस्ती. कमिटी आबांना विचारायला आली तेव्हा आबा म्हणाले, "लावा. मी आडवा येत न्हाई. पण मी पोरींसाठी उभारणार न्हाई. तिची वस्ताद उभारंल."

झालं. इथंच मेख होती. आमच्या मैदानाचा नियम हाय, पैलवान हौद्यात उतरला की त्याचा वस्ताद कडेला उभा पाहिजे. निकाल लागेपर्यंत. खुर्ची न्हाई, टेकणं न्हाई. वस्ताद खाली बसला की पैलवानानं हार मानली असं धरून पंच कुस्ती सोडवतात. आणि आक्काला तर घरात भात उतरेपर्यंत उभं राहता येत न्हवतं. मागनं माकडहाडाच्या बाजूला आणि पुढनं पार खाली, दोन्हीकडनं दुखायचं. कूस बदलताना रडायची. पायरी चढताना पाय उचलायच्या आधी श्वास धरायची. एकदा म्हणाली, "यश्या, आतनं मी दोन तुकड्यांची झालीया आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या बाजूला निघाल्यात."

मला तेव्हा वाटलं आबांनी मुद्दाम पाचर मारली. मी तसं तोंडावर बोललो पण. आबा टावेल उचलून तालमीत गेले.

बाळाच्या डॉक्टरनी आक्काला तपासून सांगितलं की दिवस जातील तसे खुब्याचे सांधे सैल पडतात, काहींना जास्त त्रास होतो. आणि चिठ्ठी देऊन गडहिंग्लजच्या हिरेमठ बाईंकडं पाठवलं. बाई मणक्याचं आणि सांध्यांचं दुखणं बघणाऱ्या. मला बरोबर पाठवलं, कारण मी नववीतनं शाळा सोडलेली आणि घरात माझा तेवढाच उपयोग.

तर त्या पहिल्या दिवशी मी खोलीत होतो. आक्काच म्हणाली थांब म्हणून. बाई बारीक, चष्म्याला दोरी, आणि आवाज सेम मास्तरणीचा, म्हणून मला लगेच राग आला. त्यांनी आक्काला आधी चालायला लावलं, मग एका पायावर उभं राहायला लावलं. आक्का भिंत धरायला गेली.

"ही डाव्या पायावर उभारतच न्हाई," मी म्हटलं. "भाकरी करताना पण न्हाई. डावी टाच उचललेली असत्या."

बाईंनी माझ्याकडं चष्म्यावरनं बघितलं. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. मास्तरणी असं कधी म्हणत न्हाईत, त्यामुळं माझा निम्मा राग तिथंच गेला.

मग आक्काला कुशीवर घेतलं. दोन गुडघ्यांच्या मधी उशी, पोटाखाली उशी. खुब्याखाली तिकोनी गाद्या सरकवल्या आणि दोन हात कमरेच्या हाडावर ठेवले. नुसते ठेवले. मी वाट बघतोय. आता वाजंल, मग वाजंल. बाई मधनंच विचारायच्या, "हे बरं वाटतंय? हे? इथं नको?" आक्का नको म्हणाली की हात लगेच वर. फरशीवरनं मुंगी गेली असती तरी ऐकू आली असती, असली शांतता.

"झालं," बाई म्हणाल्या.

"झालं?" मी म्हटलं. "काहीच वाजलं न्हाई की."

"ती काय दाराची कडी आहे का वाजायला?"

आक्का कुशीवर पडून हसायला लागली. बाई तिला म्हणाल्या, "हे बघ, दुखणं सगळं जाईल असं मी सांगणार नाही. बाळ आहे तोवर थोडं राहील. पण तुला उभं राहता यावं यासाठी आपण प्रयत्न करू. घरी व्यायाम करायचे, पट्टा लावायचा, आणि परत यायचं."

मला वाटलं फसलो. पण बाहेर आल्यावर मी एक बघितलं. आत जाताना आक्कानं चप्पल काढायला बाकड्यावर बूड टेकलं होतं. बाहेर येताना तिनं चप्पल उभ्यानं घातली. आधी उजवी, मग डावी. तिच्या पण ध्यानात आलं न्हाई. मी सांगितलं असतं तर परत करून बघायला गेली असती आणि पडली असती.

आता परत बखोटावर येऊ.

"बोल," आबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, सगळी गल्ली सांगंल. "न्हाई वाजलं," मी ओरडलो. "काय बी वाजलं न्हाई. बाईनं नुसते हात ठेवले. आक्का खोटं बोलली. आणि तरी तिला बरं वाटलं. आता काढा हात, कुणाचा काढायचाय त्याचा."

आई लाटणं घेऊन बाहेर आली. "म्हणजे ही माझ्यासंगं खोटं बोलली?"

"खरं सांगितलं असतं तर दुसऱ्यांदा जाऊ दिलं असतंस?" आक्का म्हणाली.

आईनं खरोखर विचार केला. "न्हाई," म्हणाली.

"मग."

आबांनी माझं बखोट सोडलं. टावेल झटकला. "कोण खरं, कोण खोटं, मी माझ्या डोळ्यानं बघतो. पुढच्या बारीला मी येणार."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा वाजलं म्हटलेलं बरं होतं.

वडापच्या, शिटा भरून धावणाऱ्या जीपमधी पुढची सीट आक्काला, मधी मी, आणि मागं फेटा बांधून आबा. लग्नाला निघाल्यागत. बाईंच्या खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाले, "बाई, आधीच सांगतो. इथं कडकड चालायची न्हाई."

"मी पण तेच सांगणार होते," हिरेमठ बाई म्हणाल्या. "तुम्ही बोटं मोडताय ती थांबवा."

आबा खरंच बोटं मोडत होते. थांबले. मी भिंतीकडं तोंड करून हसलो.

मग आबा कोपऱ्यात उभारले, कान देऊन. बाईंनी तिकोनी गाद्या सरकवल्या तशी म्हणाले, "जीपच्या चाकाला दगड लावल्यागत करताय की."

"तसंच आहे. एकीकडं घसरू नये म्हणून."

"आणि जोर?"

"जोर नाहीच. तिचं अंग सैल झालंय, कारण त्याला बाळाला वाट द्यायचीय. सैल झालेल्याला कशाला जोर लावायचा? त्याला आधार द्यायचा."

आबांनी फेटा सारखा केला. मी आबांना कुणी शिकवलेलं पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून मला लई मजा येत होती. शेवटी बाईंनी आक्काला उभं केलं, तिच्या मागं गेल्या आणि दोन्ही तळहात दोन्ही खुब्यांवर ठेवून आत धरले. आक्काचे खांदे एकदम खाली आले.

"उभं राहून कळ आली तर असं धरायचं. घरात कोण धरेल? वस्ताद, तुम्ही या. तुमचे हात मोठे आहेत."

आणि आबांनी हात मागं नेले. पाठीमागं. फेटा बांधलेला एवढा मोठा माणूस, शाळेतल्या पोरागत हात लपवून उभा. मी बघितलं, बाईंनी पण बघितलं. "मी न्हाई," आबा म्हणाले. "त्याला शिकवा."

मला शिकवलं. मी धरलं तर बाई म्हणाल्या, "तू दाबतोयस. धरत नाहीस." परत धरलं. "आता ओढतोयस." पार घाम फुटला. आबा सगळं बघत होते, माझ्या हाताकडं, बाईंच्या हाताकडं, आणि त्यांचे स्वतःचे हात मागंच.

आक्का जात राहिली. व्यायाम करायची, पट्टा लावायची. पोरींना खाटल्यावर बसून शिकवायची आणि रोज थोडा वेळ उभी राहायची, कालच्यापेक्षा जरा जास्त. जत्रा आली तेव्हा ती गोठ्यात उभारून नुरीची सगळी रंगीत तालीम घेऊ शकत होती. दुखायचं. पण उभारायची.

मैदानाच्या दिवशी सगळी हुंबरवाडी तिथं आणि शेजारची चार गावं. हलग्या कडाडत होत्या. पोरींची कुस्ती पुकारली तशी माणसं झाडांवर चढली. नुरीसमोर कोल्हापूरची पोरगी, निळा पोशाख, मांड्या खांबागत. आक्का अनवाणी हौद्याच्या कडेला आली. पोट पुढं, पदर खोचलेला, आत पट्टा. चिमूट माती घेऊन नुरीच्या कपाळाला लावली. समोरच्या मांडवात कमिटीबरोबर आबा. बसले न्हवते, पण उभारलेले पण आपले लांबच, हात मागं बांधून.

सलामी झाली. खडाखडी सुरू. नुरी घुसायची, निळी तिला झटकायची. नुरी परत घुसायची. मी आक्काच्या डाव्या बाजूला उड्या मारत होतो. निळीनं तिला मानेवर हात टाकून खाली खेचलं आणि वर बसली. नुरी मातीत पालथी, हातपाय पसरून, जळूगत चिकटलेली. उलटी होईना. वेळ चालला. लोक ओरडून ओरडून थकले, हलगीवाल्यानं हात बदलला, तरी निकाल न्हाई.

तेव्हा मी आक्काच्या पायाकडं बघितलं. डाव्या पायाची बोटं मातीत रुतली होती. टाच वर. मानेची शीर तटतटलेली. तोंडानं "दम धर नुरे, दम धर" म्हणत होती आणि एक हात हळूहळू कमरेकडं चालला होता.

मागनं एका म्हाताऱ्यानं खुर्ची पुढं केली. "बस पोरी. पोटुशी बाई हायस, कोण काय म्हणत न्हाई."

"नको, तात्या."

"अगं बस."

पंचानं पण बघितलं. शिट्टी तोंडाजवळ नेली. आक्का बसली की वाजवायची.

मी मागं गेलो आणि तिचे खुबे धरले. पण माझं अर्धं लक्ष हौद्यात. "दाबू नको," आक्का दातावर दात धरून म्हणाली. "धर. यश्या, धर की रे." मला जमंना. माझं डोकं फिरलं आणि मी तिथनंच मांडवाकडं बघून बोंबललो, "आबा, हात काय पूजेला ठेवल्यात व्हय? पोरगी खाली बसाय लागलीया तुमची."

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. वस्तादाला असं कुणी बोलत न्हाई. मला वाटलं आता मरतो.

आबा निघाले. हौद्याच्या कडेकडेनं, गर्दी बाजूला सारत. माझ्यापाशी आले, मला कोपरानं बाजूला केलं. आक्काच्या मागं गेले आणि थांबले. हात पुढं आले. बघा, ह्या हातांनी सांड पाडलेले मी बघितलेत, आणि ते हात पोरीच्या कमरेजवळ येऊन हवेतच अडकले. कढत तव्याजवळ आल्यागत. मग गुडघ्यात वाकून पवित्रा घेतला आणि दोन्ही तळवे दोन्ही खुब्यांवर ठेवले. दाबलं न्हाई. ओढलं न्हाई. बाईंनी धरलेलं तसं धरलं.

आक्काची टाच खाली आली.

"वस्ताद," गर्दीतनं कुणीतरी टोमणा हाणला, "तुम्ही पोरींसाठी उभारणार न्हवता की."

"मी कुठं उभारलोय," आबा न हलता म्हणाले. "मी वाकलोय."

असला हशा पिकला की निळीनं क्षणभर मान वर केली. तेवढंच पाहिजे होतं. "सरक," आक्का म्हणाली. ओरडली न्हाई, नुसतं म्हणाली, गोठ्यात म्हणायची तसं. नुरी निळीच्या खालनं निसटली, उठली, आणि निळी वळायच्या आत एकेरी पट काढला. पाय छातीला धरून अशी धावली की निळी एका पायावर उड्या मारत मारत मागं, मागं, आणि धप्. दोन्ही खांदे मातीत.

मला पुढचं नीट आठवत न्हाई. मी कुणाच्या तरी खांद्यावर होतो, हलगी कानात होती, कुणीतरी माझा सदरा फाडला. नुरीला सगळ्यांनी उचललं तर ती वरनंच "आक्का, आक्का" करत होती. आणि आक्का उभी. कडेला, दोन्ही पाय मातीत सपाट, उभी.

"सोडा आबा," ती म्हणाली. "जिंकलो."

आबांनी हात सोडले आणि सरळ व्हायला गेले. कडाक्.

असा आवाज की हलगीवाला थांबला. आबा तिथंच, अर्धे वाकलेले, अर्धे सरळ.

आक्कानं मागं वळून पण बघितलं न्हाई. "आबा," म्हणाली, "वाजलं का?"

"वाजलं," आबा म्हणाले. कमरेला हात लावून म्हणाले, "पण बरं काय वाटंना."

घरी चौघांनी धरून आणलं. खाटेवर पालथे घातले. आई तव्यावर फडकं गरम करून शेकत होती आणि शेकता शेकता एकटीच हसत होती. मी भाकरी खात होतो. म्हटलं, "आबांनी आधीच आक्काला धरलं असतं तर मला मैदानात बोंबलायला लागलं नसतं."

आई हसायची थांबली. "तुझ्या वेळंला माझी पण कंबर अशीच धरलेली," ती म्हणाली. "मीच मागं लागले, सगळ्या गावाची वाजवताय, माझी पण वाजवा. ह्यांनी वाजवली. वाजली बी. मग तू हुईपर्यंत मी ह्याच खाटेवर. उठून चूळ भरता येत न्हवती. दोन्ही हातानं तोंड झाकून रडल्यात हे, तालमीत कुणाला म्हाईत न्हाई. तवापासनं पोटुशी बाईला हात लावला न्हाई ह्यांनी. कोण आली तर मलाच पुढं करायचे."

मी आबांकडं बघितलं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. खाटेवरनं खाली लोंबणारा हात मात्र मला दिसत होता. तळव्याला आक्काच्या पदराचा रंग लागला होता, घामानं.

त्याला आता तीन वर्षं झाली. भाची तेवढीच, आबांचा फेटा सोडते आणि गोठ्यात जाऊन पोरींच्या पायात कडमडते. नुरी कोल्हापूरला असते. पोरी आता गोठ्यात न्हाईत, तालमीच्या हौद्यात हायत, सकाळची पाळी त्यांची. आणि आबांची कंबर त्या दिवसापासनं जी धरली ती अजून अधनंमधनं धरते. मग हिरेमठ बाई. दर बारीला आबा खोलीतनं निघताना विचारतात, "बाई, आज तरी वाजवा की जरा." आणि बाई म्हणतात, बोटं मोडू नका.

आज आबांचीच बारी हाय. वडापवाला कवाचा हॉर्न मारालाय. आबा पायरीवर एका पायावर उभारल्यात, भिंतीला हात लावून, चप्पल बसून घालायला तयार न्हाईत. पडतील आता. जातो मी.